किमी ३/१०० ते ३/८००

आमच्या गावात दुधाचा टँकर यायचा बंद झाला तो ऑगस्ट २०१९ मध्ये. ओढ्यावरची मोरी एका बाजूने खचली होती. चालकाने टँकर अलीकडेच उभा केला, खाली उतरला, पायाने कड दाबून पाहिली आणि मला फोन लावला. "अण्णा, मला घरी दोन पोरं आहेत. उद्यापासून कॅन इकडं आणून द्या." हे उद्यापासून पुढे जवळजवळ चार वर्षं चाललं.

दूध संकलन केंद्र माझं. चाळीस लिटरचे कॅन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून रोज दोन वेळा ओढा ओलांडायचा. उशीर झाला की टँकरवाला झाकण उघडून वास घ्यायचा आणि एखादा कॅन बाजूला काढायचा, अ‍ॅसिडिटी लागली म्हणून. एकदा सप्टेंबरात ट्रॉलीचं चाक खचक्यात गेलं आणि चार कॅन एका दमात ओढ्यात. एकशेसाठ लिटर दूध. पाणी मोरीखालून पार पलीकडच्या बांधापर्यंत पांढरं झालं होतं. पोरं टाळ्या पिटत होती, मी मनात हिशेब करत होतो.

त्याच आठवड्यात अर्ज लिहिला. कुणाला द्यायचा हे माहीत नव्हतं, म्हणून तीन प्रती काढल्या. रस्ता गावातून निघतो आणि सहा किलोमीटरवर राज्यमार्गाला मिळतो. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, म्हणून एक प्रत तिकडे. गावातला रस्ता म्हणजे जिल्हा परिषदेचा, म्हणून एक प्रत परिषदेच्या बांधकाम उपविभागाला. आणि पलीकडच्या वाडीजवळ प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा फलक आहे, म्हणून तिसरी प्रत त्या योजनेच्या कार्यालयात. तिन्हीकडे पोच घेतली. तिन्हीकडून यथावकाश उत्तर आलं आणि तिन्ही पत्रांत एकच वाक्य होतं: सदर लांबी या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.

मला आधी वाटलं टोलवाटोलवी चालली आहे. तशी ती चाललेली असतेच, पण या वेळी तिन्ही साहेब खरं बोलत होते. हे कळायला सहा महिने गेले.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. जोडपत्र अ, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रश्न एकच: या रस्त्याची सुरुवातीपासून शेवटपर्यंत मालकी कुणाची, साखळी क्रमांकासह, म्हणजे कितव्या किलोमीटरच्या कितव्या मीटरपासून कुठवर. तीस दिवसांत उत्तर नाही. मग वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. अपिलाची सुनावणी लागली त्याच्या आदल्या दिवशी माहिती तयार होती, हा योगायोग आपल्याकडे नेहमी घडतो.

कागदात लिहिलं होतं, किमी ०/०० ते ३/१०० ग्रामीण मार्ग, जिल्हा परिषद. किमी ३/८०० ते ६/०० ग्रामसडक योजना. मधल्या सातशे मीटरसमोर एक आडवी रेघ.

ती रेघ घेऊन मी उपविभागातल्या शाखा अभियंत्याकडे गेलो. आमच्याकडे त्यांना रावसाहेब म्हणतात. माणूस निवृत्तीला आलेला, टेबलावर तंबाखूची डबी आणि दरसूचीची फाटकी प्रत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि रस्त्यांची उतरंड समजावली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. ही मांडणी १९४३ मध्ये नागपुरात देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची बैठक झाली तिथून आलेली. प्रमुख जिल्हा मार्गापर्यंत बांधकाम विभाग, त्याखालचे दोन जिल्हा परिषदेचे. "आणि यातल्या कशातच नसला तर?" मी विचारलं. "तर योजनाबाह्य," रावसाहेब म्हणाले. "म्हणजे तो रस्ता तुम्हाला दिसतो, मला दिसत नाही."

सातशे मीटर हवेत राहिले कसे, हे गावातल्या म्हाताऱ्यांकडून कळलं. १९७२ च्या दुष्काळात आमच्या बाजूने खडी फोडून रस्ता काढत नेला होता. माझी आई त्या कामावर होती. पुढच्या वर्षी चांगला पाऊस झाला, माणसं पेरणीला गेली, आणि काम ओढ्याच्या अलीकडे जिथे होतं तिथे थांबलं. पाऊस पडला म्हणून रस्ता अर्धा राहिला. पलीकडून ग्रामसडक योजना आली ती २००७ मध्ये. ती योजनाच मुळात २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली ती न जोडलेल्या वस्त्या जोडायला, सपाट भागात पाचशेच्या वर लोकसंख्या असलेल्या. पलीकडची वाडी त्यात बसली. वाडी आली, रस्ता संपला. आमचं गाव दुसऱ्या, लांबच्या रस्त्याने आधीच जोडलेलं होतं, म्हणून आमच्यापर्यंत येण्याचं त्यांना कारण नव्हतं. दोन्ही कामं आपापल्या जागी बरोबर. मधल्या तुकड्यावर ग्रामपंचायतीने कधीतरी मुरूम टाकला, मोरीचे नळ बसवले, आणि सगळे समजत राहिले की रस्ता एकच आहे.

मग कोविड आला. ४ मे २०२० चा वित्त विभागाचा शासन निर्णय रावसाहेबांनी मला मोबाइलवर दाखवला: विकासकामांना तेहतीस टक्केच निधी, नवीन कामं घ्यायची नाहीत. वर्ष असंच गेलं. जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि मी उभा राहिलो, खरं सांगायचं तर फक्त या रस्त्याच्या रागाने. निवडून आलो, उपसरपंच झालो. सरपंच ताई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पहिल्याच मासिक सभेत त्यांनी सांगितलं, "अण्णा, रस्त्याचं तुम्ही बघा, पाण्याचं मी बघते." हा करार दोघांनी पाळला.

उपसरपंच झाल्याचा मोठा फायदा म्हणजे जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा पाहायला मिळाली. तेव्हा सभा ऑनलाइन होत्या. आमच्या गटाच्या सदस्या पंचायत समितीच्या सभागृहात लॅपटॉपसमोर बसायच्या. त्या दिवशी त्यांनी मला मागच्या खुर्चीवर बसवून घेतलं. विषय क्रमांक नऊ होता: परिषदेकडील काही रस्ते दर्जोन्नत करून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे वर्ग करणे.

पडद्यावर पन्नास-साठ चौकोन. कुणी गाडीत बसलेलं, कुणाच्या मागे म्हैस. विषय नऊ आला आणि सगळे एकदम जागे झाले. डोंगराकडच्या भागातले एक सदस्य म्हणाले, देऊन टाका. "दुरुस्तीच्या ३०५४ लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या खात्यात, आपल्याला मिळतात किती? गटवार वाटले की माझ्या वाट्याला पंधरा लाख. त्यात तीनशे मीटर डांबर होतं. माझ्या गटात ऐंशी किलोमीटर रस्ते आहेत. हिशेब करा." दुसरे उसळले, "आज रस्ते द्या, उद्या शाळा द्या, परवा दवाखाने. मग आपण इथे चहा प्यायला जमायचं का?" तिसऱ्यांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांच्या गटात आमदारांनी ग्रामविकास विभागाच्या २५१५ लेखाशीर्षातून रस्ता आणला, काम बांधकाम विभागाने केलं, नारळ आमदारांनी फोडला, रस्ता मात्र परिषदेचा आणि परिषदेला पत्ताच नाही. "ना हरकत कुणी दिली?" यावर वीस मिनिटं गेली. अधिकारी सांगत होते की प्रस्ताव तपासून घेऊ. ते प्रत्येक प्रश्नाला हेच सांगत होते.

आमच्या गटाच्या सदस्या ताईंनी हात वर केला. त्यांचं बोलणं मी आदल्या रात्री लिहून दिलं होतं, पण त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि आपल्या शब्दांत सांगितलं, "माझ्या गटातले सातशे मीटर तुमच्याही यादीत नाहीत आणि त्यांच्याही. ते द्यायचे कुणी आणि घ्यायचे कुणी, एवढं आधी सांगा." सभागृह शांत. आम्हाला वाटलं मुद्दा लागला. मग तिकडून आवाज आला, "ताई, तुमचा माइक बंद आहे." माइक सुरू होईपर्यंत अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब केला होता.

त्या सभेला जाण्याआधी माझं मत पक्कं होतं: रस्ते बांधकाम विभागाला देऊन मोकळं व्हावं. सभेनंतर ते तितकं पक्कं राहिलं नाही. बांधकाम विभागाकडे पैसा जास्त, यंत्रणा मोठी, हे खरं. पण तिथल्या साहेबांना भेटायला मला दोनदा जिल्ह्याला जावं लागलं आणि दोन्ही वेळा ते साइटवर होते. परिषदेचे रावसाहेब बाजारच्या दिवशी वडापावच्या गाडीवरही सापडतात. खरं दुखणं त्या पंधरा लाखांत आहे. गावजेवणात जिलबी वाढावी तसा दुरुस्तीचा पैसा गटागटात वाढायचा. आमच्या गावाकडच्या तीन किलोमीटरला असे दहा हप्ते लागतात. दहावा हप्ता पडेपर्यंत पहिल्या तीनशे मीटरची खडी उघडी पडलेली असते. कुणावर अन्याय नको म्हणून कुणाचाच रस्ता नीट नाही.

परिषदेच्या स्वनिधीतून करा असंही मी सुचवून पाहिलं. लेखा विभागातल्या बाईंनी समजावलं की स्वतःच्या उत्पन्नातले वीस टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणाला, पाच टक्के दिव्यांगांसाठी आधीच बाजूला काढावे लागतात. ते योग्यच आहे. उरलेल्यात शाळेची कौलं, दवाखान्याचा पंप, सगळंच येतं. "आणि उपसरपंच, तुमच्या रस्त्याला नंबरच नाही. नंबर नसलेल्या रस्त्यावर मी कुठल्या लेखाशीर्षातून खर्च टाकू?"

तर आधी नंबर.

त्यासाठी दोन गावांच्या ग्रामसभांचे ठराव लागणार होते, कारण सातशेपैकी चारशे मीटर आमच्या शिवेत आणि तीनशे पलीकडे. आमची ग्रामसभा बोलावली. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतला कमी आकडा. आले चौतीस, त्यातले नऊ जण घरकुलाच्या यादीत नाव आहे का पाहायला. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे ग्रामसेवक भाऊसाहेबांना पाठ, त्यामुळे त्यांनी दोन्ही तारखांच्या नोटिसा जवळजवळ एकदमच टाइप करून ठेवल्या होत्या. आठवड्याने बावीस जणांत ठराव झाला. ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, सातशे मीटरची नोंद घ्यावी आणि जिल्हा परिषदेने तो तुकडा ग्रामीण मार्गात धरावा. ती वही मी प्रथमच उघडून पाहिली. गावातली बोळं फुटा-फुटाने लिहिलेली, देवळामागची सहा फुटी गल्लीसुद्धा. ज्या रस्त्याने गावाचं दूध जातं तो नाही.

पलीकडच्या गावाने ठराव द्यायला तीन महिने लावले. त्यांना वाटत होतं की आमचा टँकर सुरू झाला की त्यांच्या वाडीतला रस्ता खराब होईल. खोटं नव्हतं. शेवटी त्यांच्या सरपंचांच्या घरी लग्नाला गेलो तेव्हा मांडवातच बोलणं झालं.

आणि मग तात्या. मोरीच्या पुढचा दीडशे मीटरचा भाग त्यांच्या शेतातून जातो. गाव नकाशावर तिथे दुहेरी तुटक रेषा आहे, म्हणजे जुना गाडीमार्ग. पण नकाशातला मार्ग ओढ्याच्या काठाने आणि वहिवाटीचा रस्ता पन्नास फूट वर, तात्यांच्या उसाला लागून. मोजणी मागितली असती तर वर्ष गेलं असतं आणि भांडण आयुष्यभराचं लागलं असतं. मी रोज सकाळी त्यांचं दूध मोजतो. एका सकाळी फॅट लावता लावता विषय काढला. तात्या म्हणाले, "रस्ता घ्या. पण माझी पाइपलाइन खालून जाऊ द्या. डांबर झाल्यावर मला कुणी रस्ता फोडू देणार नाही." एवढंच हवं होतं त्यांना. शंभराच्या स्टॅम्पवर संमतीपत्र झालं, आणि अंदाजपत्रकात एक आडवा नळ वाढला. रावसाहेबांनी तो कुठल्या बाबीखाली बसवला ते मी विचारलं नाही.

दरम्यान मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि गटरचनेचा वाद न्यायालयात, निवडणुका नाहीत, राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. प्रशासक म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारीच. आमचा ठराव मे महिन्यात मंजूर झाला. मी प्रत पाहिली. सादर करणाऱ्याच्या जागी कार्यकारी अभियंता, शिफारस करणाऱ्याच्या जागी मुख्य कार्यकारी अधिकारी, मंजुरीच्या जागी प्रशासक, आणि शेवटच्या दोन सह्या एकाच वळणाच्या. दोन वर्षं ज्या विषयाने सभागृह डोक्यावर घेतलं होतं तो एका बैठकीत, बहुधा चहा येण्याआधी, निकाली निघाला. आमचं काम झालं म्हणून मला आनंद झाला, आणि ताईंच्या चेहऱ्याकडे पाहून तो पुरता दाखवताही आला नाही. त्या आता माजी सदस्या होत्या.

पैसा जिल्हा नियोजन समितीतून येणार होता, नव्या रस्त्यांच्या भांडवली ५०५४ या लेखाशीर्षाखाली. राज्यघटनेने या समितीचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून निवडायला सांगितले आहेत. निवडून आलेलेच कुणी उरले नव्हते, त्यामुळे पालकमंत्री, आमदार, खासदार आणि अधिकारी एवढ्यांतच यादी ठरायची. आमचं नाव २०२२-२३ च्या यादीत लागलं. जूनअखेर सरकार बदललं, जुलैत नियोजन समितीच्या नव्या कामांना स्थगिती आली, आणि पालकमंत्री कोण हे सप्टेंबरच्या शेवटी ठरलं. ते तीन महिने मी रस्त्यासाठी काहीही केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंच. ट्रॉलीला नवे टायर घातले.

स्थगिती उठली. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, मार्चएंडच्या धांदलीत कार्यारंभ आदेश. ठेकेदार मे २०२३ मध्ये आला, उन्हं अशी की डांबर आपोआप वितळावं. आधी मोरीचे जुने नळ काढले. एका नळात चाळीस लिटरचा कॅन अडकलेला निघाला, चेपलेला, गाळाने भरलेला, माझा नंबर घातलेला. चारपैकी तीन मला त्या दिवशीच सापडले होते, चौथ्याचा ठावठिकाणा लागला नव्हता.

डांबर पडायचं होतं त्या दिवशी मी दूध मुलावर सोपवलं आणि सकाळपासून उभा राहिलो. अंदाजपत्रकात कार्पेट, म्हणजे डांबराचा वरचा थर, वीस मिलिमीटरचं. गरम थरात खिळा खुपसून पट्टी लावायची हे रावसाहेबांनीच शिकवलं होतं. पहिल्या दोनशे मीटरला वीस, बावीस. दुपारी जेवणानंतर चौदा. मी मुकादमाला हाक मारली. "दादा, जेवणात मीठ कमी पडलं का?" तो हसला, मीही हसलो, आणि मग रोलर थांबवून त्याने मालाचं प्रमाण वाढवलं. भांडलो असतो तर बहुधा चौदाच राहिलं असतं. तात्या त्यांच्या आडव्या नळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते, नळ बुजवतात की काय म्हणून.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टँकर गावात आला. चालक नवा होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. डेअरीपुढे गाडी लावून तो मला म्हणाला, "अण्णा, मधला पट्टा झकास आहे हो. पण गावाकडचा रस्ता एवढा खराब का?"

गावाकडचा म्हणजे ०/०० ते ३/१००, नंबर असलेला, परिषदेचा, दहा हप्त्यांतला. पलीकडच्या ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची तऱ्हाही वेगळी नाही. बांधणाऱ्या ठेकेदाराकडे पाच वर्षं देखभाल असते, ती केव्हाच संपली, आणि त्यानंतरच्या दुरुस्तीसाठी तोही आता रांगेतच उभा आहे. दोन्ही टोकांना खड्डे आणि मध्ये सातशे मीटर काळंभोर डांबर. आमच्या तुकड्याला ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी आहे, म्हणजे त्या मुदतीत काही बिघडलं तर त्यानेच दुरुस्त करायचं. तो कधी संपतो ती तारीख मी फॅटच्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लाल पेनने लिहून ठेवली आहे, आणि दर पावसाळ्याआधी मोरीवर उभं राहून पायाने कड दाबून पाहतो.